झाड आपले, तार कंपनीची, जबाबदारी कुणाची?



गहू-हरभरा घरात आला, लसूण सुकला, शेते उघडी पडली. आता वैशाखातल्या दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडून धुळीचा लोट उठतो, पाच-दहा मिनिटे वारा घोंघावतो, टपोऱ्या थेंबांची एक सर येते आणि वीज जाते. ती कधी तासाभरात परत येते, कधी दोन दिवस येत नाही. चौकशी केली तर बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते : लाइनवर फांदी पडली.

ही फांदी कुणाची, असे मात्र कोणी विचारत नाही. आपण वीज कंपनीला दोष देतो, कंपनीचा माणूस आपल्या झाडाला दोष देतो, आणि फांदी पुढच्या वर्षीही तिथेच राहते. आपल्या उज्जैनचा वारा काय करू शकतो हे आपण पाहिले आहे. 5 मे 2016 रोजी सिंहस्थाच्या ऐन गर्दीत वादळी पावसाने मंडप कोसळले आणि यात्रेकरू मृत्युमुखी पडले. 28 मे 2023 रोजी महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती वाऱ्याने खाली आल्या. जिथे मूर्ती उभ्या राहू शकत नाहीत, तिथे बांधावरची वाळलेली बाभूळ किती टिकेल याचा विचार प्रत्येकाने करावा.

म्हणून या महिन्याचा पाठ आपल्या शेतातील झाडे आणि त्यांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा यांविषयी आहे. विषय साधा वाटतो. पण त्यात माणसाचा जीव, गोठ्यातील जनावर, उभे पीक आणि शेजारधर्म या चारही गोष्टी येतात.

१. तार आणि झाड यांचे वैर का?

आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते. विहिरीवरील तीन फेजची मोटर सुमारे 400 व्होल्टवर चालते. शेतातून डीपीपर्यंत येणारी जी तीन तारांची लाइन असते, तिच्यात साधारणपणे 11,000 व्होल्ट असतात, म्हणजे घरच्या विजेच्या सुमारे 48 पट. सब-स्टेशनकडे जाणारी लाइन 33,000 व्होल्टची असते. या तारांवर रबराचे वेष्टन नसते. त्यांचे वेष्टन म्हणजे भोवतीची हवा. हवेचे अंतर राहिले तरच ती तार सुरक्षित, अंतर संपले की सुरक्षितताही संपली.

तारेवर चिमणी बसते व तिला काही होत नाही, हे पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो. चिमणीचे पाय एकाच तारेवर असतात, तिचा जमिनीशी संबंध नसतो. म्हणून तिच्या शरीरातून वीज वाहत नाही. झाडाचे तसे नाही. त्याची मुळे ओल्या जमिनीत असतात आणि खोडात व फांदीत रस भरलेला असतो. हिरवी फांदी तारेला टेकली की विजेला जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. झाडावर चढलेला माणूस त्याच वाटेवर असतो.

दुसरी गोष्ट अशी की तार एका जागी राहत नाही. शेतातील तार बहुधा अॅल्युमिनियमची असते व तिच्या गाभ्यात पोलादी तार असते. उन्हाने आणि वाहणाऱ्या विजेच्या भाराने ती तापते, लांब होते व खाली झोल घेते. थंडीच्या सकाळी जी तार फांदीपासून चार हात दूर दिसते, ती मे महिन्याच्या दुपारी तितकी दूर नसते. वारा सुटला की तार झोके घेते आणि फांदीही झोके घेते. म्हणून अंतर पाहायचे ते शांत सकाळी नव्हे. तापलेल्या दुपारी, आणि वाऱ्यात दोन्ही किती हलतील याचा अंदाज घेऊन.

हे केवळ आपल्या खेड्यातले दुखणे नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात 3,45,000 व्होल्टच्या तारा झोल घेऊन खाली वाढलेल्या झाडांना भिडल्या. एकामागून एक लाइन बंद पडत गेली आणि अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याच वर्षी 28 सप्टेंबरच्या पहाटे स्वित्झर्लंडच्या डोंगरातील एका लाइनचा झाडाशी स्पर्श झाला, आणि सार्डिनिया बेट सोडले तर जवळजवळ सगळ्या इटलीची वीज गेली. रोम शहरात त्या रात्री जागरणाचा उत्सव चालू होता; लोक रस्त्यातच अडकले. एवढ्या श्रीमंत देशांना एका न छाटलेल्या झाडाने हा धडा दिला.

२. नुकसान कुणाचे होते?

पहिले नुकसान मोटरीचे. फांदीमुळे तीनपैकी एका तारेचा फ्यूज उडाला, तर उरलेल्या दोन तारांवर मोटर ओढ घेत राहते, तापते आणि जळते. रब्बीच्या ऐन पाळीत मोटर जळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दुसरे नुकसान पिकाचे. फाल्गुन-चैत्रात गहू वाळून उभा असतो. फांदीने दोन तारा एकमेकींवर आणल्या की ठिणग्या उडतात, वितळलेल्या धातूचे थेंब खाली पडतात. आग आपल्या शेतात लागते; पण ती बांध ओळखत नाही. शेजाऱ्याचे वर्षाचे धान्यही त्यात जाते.

तिसरे नुकसान जनावरांचे. तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडली की भोवतालच्या जमिनीत वीज पसरते. तारेजवळ जास्त, लांब कमी. गाय-बैलाचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे दोन्ही पायांच्या जागी विजेचा दाब वेगळा असतो आणि वीज पोटाछातीतून वाहते. म्हणून माणूस वाचतो त्या जागी बैल मरतो. तार काटेरी कुंपणावर पडली, तर शंभर पावलांवरचे कुंपणही जीवघेणे होऊ शकते.

चौथे नुकसान सर्वांत मोठे : माणसाचा जीव. हे बळी कोण असतात ते नीट पाहू. आंबे उतरवायला चढलेला मुलगा. लोखंडी नळीला बांधलेल्या झेल्याने फळ तोडणारी बाई. लांब काठीला कोयता बांधून शेळ्यांसाठी पाला पाडणारा गुराखी. फवारा सिंचनाची अॅल्युमिनियमची नळी उभी उचलणारा मजूर. आणि मालकाने "एवढी फांदी तोडून टाक" म्हटल्यावर कुऱ्हाड घेऊन वर गेलेला सालदार. झाड मालकाचे असते, तार कंपनीची असते, पण जीव बहुधा तिसऱ्याचाच जातो, आणि हा तिसरा जवळजवळ नेहमी गरीब असतो. ही गोष्ट मी तुमच्या विवेकबुद्धीपुढे ठेवू इच्छितो.

३. पवित्र शास्त्र काय सांगते?

मोशेच्या काळी विजेच्या तारा नव्हत्या. पण मालकाच्या जबाबदारीचा प्रश्न तेव्हाही होता. अनुवाद ग्रंथाच्या 22व्या अध्यायाच्या 8व्या ओवीत नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की त्याने धाब्याला कठडा करावा. नाहीतर वरून कोणी पडला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. इथे पडणारा माणूस स्वतःच्या चुकीने पडला का, हे विचारलेले नाही. घर तुझे, धोका तुला दिसत होता, मग कठडा तू करायचा होतास, एवढेच शास्त्र म्हणते.

निर्गम ग्रंथाच्या 21व्या अध्यायात आणखी दोन उदाहरणे आहेत. एकाने खड्डा खणून उघडा ठेवला व दुसऱ्याचा बैल त्यात पडला, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी (ओव्या 33 व 34). आणि बैल मारका आहे अशी सूचना मालकाला मिळूनही त्याने तो बांधून ठेवला नाही, तर पुढे घडणाऱ्या मृत्यूचा दोष मालकावरही येतो (ओवी 29). सूचना मिळण्यापूर्वीचा दोष वेगळा व सूचना मिळाल्यानंतरचा वेगळा, हा फरक लक्षात घ्या. लाइनमनने येऊन "फादर, तुमच्या चर्चच्या आवारातील निलगिरी तारेला लागते आहे" असे मला सांगितले, त्या क्षणापासून ते झाड माझ्यासाठी मारका बैल झाले. तुमच्या बांधावरील झाडाविषयीही तसेच समजावे.

पाचवी आज्ञा केवळ खुनाविषयी आहे असे आपण मानतो. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2269व्या परिच्छेदात मात्र गंभीर कारणावाचून दुसऱ्याला प्राणसंकटात लोटणे हेही याच आज्ञेखाली निषिद्ध मानले आहे. दीडशे रुपयांच्या फांदीसाठी मजुराला 11,000 व्होल्टजवळ पाठवणे, याला गंभीर कारण म्हणता येईल काय?

याचा अर्थ झाडे शत्रू आहेत असा मात्र करू नये. वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत, असे अनुवाद ग्रंथाच्या 20व्या अध्यायात युद्ध करणाऱ्यालाही सांगितले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाच्या दाखल्यात माळी धन्याकडे आणखी एक वर्ष मागतो, आळे खणून खत घालण्याचे वचन देतो. जे झाड छाटून वाचेल ते तोडू नये; जे लांब लावता येईल ते तारेखाली लावू नये. हाच आपला मार्ग.

४. कायदा काय सांगतो?

पूर्वी आपल्याकडे वीज मंडळ होते. आता उज्जैन जिल्ह्यात वीजवाटपाचे काम मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी करते. तिचे मुख्य कार्यालय इंदूरला आहे. महाराष्ट्रातील आपले नातेवाईक ज्या कंपनीकडे जातात ती महावितरण. मूळ कायदा मात्र सगळीकडे एकच आहे : विद्युत अधिनियम, 2003.

या कायद्याच्या 68व्या कलमात झाडांविषयी तरतूद आहे. तारेजवळचे झाड विजेच्या वहनाला अडथळा करत असेल किंवा करण्याचा संभव असेल, तर कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि तो अधिकारी ते झाड काढण्याचा किंवा त्याची योग्य व्यवस्था करण्याचा हुकूम देऊ शकतो. झाड या शब्दात झुडूप, कुंपणाची झाडी, रान आणि इतर वनस्पती हे सर्व येते.

आता भरपाईचा मुद्दा नीट समजून घ्या. झाड आधी होते व लाइन नंतर आली, तर झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई देण्याचा हुकूम त्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि ती कंपनीकडून वसूल करता येते. लाइन आधी होती व झाड नंतर लावले, तर या कलमाखाली भरपाई नाही. म्हणून आजोबांच्या काळचा आंबा असेल, तर त्याचा पुरावा जपून ठेवा : खसऱ्यातील झाडांची नोंद, जुना फोटो, लाइन आली त्या वर्षाचा कागद. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या 179व्या कलमाप्रमाणे भूमिस्वामीच्या धारणेतील झाडे त्याच्या मालकीची असतात. मात्र काही झाडे तोडण्यावर त्याच संहितेने बंधने घालण्याची सोय केली आहे, आणि शहरी हद्दीत 2001 सालच्या वृक्ष परिरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. महाराष्ट्रात यासाठी 1964 चा झाडे तोडण्याविषयीचा कायदा व शहरांसाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. म्हणून फांदी छाटणे व झाड बुडापासून तोडणे यांत फरक करा. बुडापासून तोडायचे असल्यास आधी पटवारी किंवा नगरपालिकेकडे चौकशी करा.

68व्या कलमात झाडाच्या मालकाने स्वतः कुऱ्हाड घेऊन तारेजवळ जावे, असे कुठेही म्हटलेले नाही. लाइन सुस्थितीत ठेवणे हे कंपनीचेच काम आहे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2002 रोजी आपल्याच राज्यातील एका खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. 23 ऑगस्ट 1997 च्या रात्री एक कामगार कारखान्यातून सायकलने घरी चालला होता. पावसाचे पाणी रस्त्यावर साचले होते, त्यात तुटलेली जिवंत तार पडली होती. ती त्याला दिसली नाही आणि तो जागीच मरण पावला. त्या वेळच्या वीज मंडळाचे म्हणणे असे की कोणी परक्याने चोरून वीज घेण्यासाठी तार ओढली होती. न्यायालयाने हे मान्य केले नाही. इतक्या धोक्याची वस्तू जो वाहून नेतो, त्याने निष्काळजीपणा केला नसला तरी तो भरपाईला बांधलेला आहे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले.

तेव्हा अपघात झाल्यास गरीब विधवेने निराश होऊ नये. पोलीस पंचनामा करून घ्यावा, जनावर मेले असेल तर पशुवैद्याकडून शवविच्छेदन करून घ्यावे, वितरण केंद्राला लेखी कळवावे. 161व्या कलमाप्रमाणे अशा अपघाताची सूचना विद्युत निरीक्षकाला मिळणे आवश्यक असते. ती गेली की नाही हे विचारावे. कंपनीच्या सेवेविषयी तक्रार असेल तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

पण भरपाईने माणूस परत येत नाही. म्हणून कंपनीची जबाबदारी आहे असे म्हणून मालकाला हात झटकता येत नाहीत. कंपनीने छाटायचे, हे खरे. पण पाहायचे, कळवायचे, वाट द्यायची आणि चुकीच्या जागी झाड न लावायचे, हे मालकाचे. तसेच मीटरपासून पुढे विहिरीपर्यंत ओढलेली वायर मालकाची असते. ती कडुनिंबाच्या खोडाला बांधलेली असेल किंवा वाकड्या बल्ल्यांवर लोंबत असेल, तर तिथे दोष देण्यासाठी दुसरे कोणीही नाही.

५. मालकाने करावयाची कामे

(अ) वर्षातून दोनदा लाइन पाहावी. एकदा उन्हाळ्यात, पावसापूर्वी. दुसऱ्यांदा पावसाळा संपल्यावर, रब्बीचे पाणी सुरू होण्यापूर्वी. 15 मे हा शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर यांचा सण. त्या दिवशी मिस्सा झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेतातील लाइनखालून, पण झाडाला किंवा खांबाला हात न लावता, एक फेरी मारावी. कोणत्या खांबांच्या मध्ये कोणते झाड जवळ आले आहे, कुठे पाने करपलेली आहेत, कुठे खांब कललेला आहे, हे वहीत लिहावे. करपलेली पाने म्हणजे फांदीने तारेला आधीच स्पर्श केला आहे अशी खूण.

(आ) उंची सावलीवरून मोजावी. तारेची किंवा झाडाची उंची काठी वा टेप लावून कधीही मोजू नये. सहा फुटांची काठी उन्हात उभी करा. तिची सावली चार फूट आणि त्याच वेळी झाडाची सावली वीस फूट असेल, तर झाड तीस फूट उंच आहे. शाळेत जाणारी मुले हा हिशोब आनंदाने करतील.

(इ) लेखी कळवावे. वितरण केंद्रातील कनिष्ठ अभियंत्याला अर्ज द्यावा. त्यात गाव, फीडरचे किंवा डीपीचे नाव, खसरा क्रमांक व झाडाची जागा लिहावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तातडीच्या वेळी 1912 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. तोंडी सांगितलेले विसरले जाते, लिहिलेले राहते.

(ई) लोक आले की हजर राहावे. "आम्ही घरी नव्हतो आणि त्यांनी झाडाचे वाटोळे केले" अशी तक्रार नेहमी ऐकू येते. आपण हजर असलो तर कोणती फांदी, कुठून, हे सांगता येते. पीक उभे असेल तर जाण्याची वाट दाखवावी. छाटलेला पाला-लाकूड उचलण्याची व्यवस्था करावी. त्या माणसांना पाणी द्यावे. तीही कुणाची तरी मुले आहेत आणि त्यांचे काम आपल्यापेक्षा धोक्याचे आहे.

(उ) दहा फुटांची रेघ पाळावी. माणूस, शिडी, हत्यार, तोडायची फांदी किंवा ती फांदी पडण्याची वाट, यांपैकी काहीही 11,000 व्होल्टच्या तारेपासून दहा फुटांच्या आत येण्याचा संभव असेल, तर ते काम मालकाचे नाही आणि त्याच्या मजुराचेही नाही. 33,000 व्होल्टला याहून अधिक अंतर ठेवावे. "आता लाइट गेलेली आहे, पटकन तोडून घे" हे वाक्य आपल्या तोंडून कधी निघू नये. गेलेली वीज न सांगता येते. शिवाय कोणी जनरेटर लावला असेल तर बंद लाइनीतही वीज उलटी येऊ शकते. कंपनीची माणसे रीतसर परमिट घेतात, स्विच उघडतात, तारा जमिनीशी जोडतात आणि मगच चढतात. काठीने डीपीचे फ्यूज पाडून स्वतःच परमिट घेणारे शहाणे गावोगावी आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

६. काय कुठे लावावे?

1956 च्या भारतीय वीज नियमांत रस्त्याखेरीज इतर ठिकाणी 11,000 व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेची जमिनीपासून कमीत कमी उंची 4.6 मीटर, म्हणजे सुमारे 15 फूट ठरवली होती. 33,000 व्होल्टसाठी 5.2 मीटर. याचा अर्थ तारेखाली पंधरा फूट मोकळी जागा आहे असा नव्हे. दहा फूट सोडल्यावर उरते किती, याचा विचार करा. म्हणून तारेच्या ऐन खाली पीक, चारा किंवा भाजीपाला घ्यावा. मोठे झाड नको. लिंबू, डाळिंब, सीताफळ, करवंद अशी बुटकी झाडे बाजूला, छाटून आठ फुटांखाली ठेवण्याची तयारी असेल तरच लावावीत. फळ तोडायलाही लोखंडी नळी लागणार नाही, एवढीच उंची असावी.

निलगिरी, सुबाभूळ, साग, बांबू, कडुनिंब, जांभूळ, चिंच आणि आंबा यांच्यासाठी एक सोपा नियम आहे : झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, तेवढे तरी तारेपासून लांब लावावे. साठ फुटांची निलगिरी साठ फूट दूर. मग ती उन्मळून पडली तरी तारेवर येणार नाही. बांबूची तर विशेष काळजी घ्यावी. पावसाळ्यात त्याचा कोंब काही आठवड्यांत तारेपर्यंत पोचतो. वसईकडील आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या वाड्यांत मे 2021 च्या तौक्ते वादळात मोडलेल्या झाडांनी तारा व खांब खाली आणले. ज्यांनी नवी लागवड केली त्यांनी तो धडा लक्षात ठेवावा, आणि आपणही.

मोठ्या मनोऱ्यांच्या लाइनीखाली रुंद पट्टा मोकळा ठेवावा लागतो : 1,32,000 व्होल्टसाठी 27 मीटर व 2,20,000 व्होल्टसाठी 35 मीटर. तेथे फळबाग लावण्यापूर्वी अवश्य चौकशी करावी.

७. छाटणीची योग्य रीत

दहा फुटांच्या रेघेबाहेरची झाडे आपण स्वतः वेळीच वळण देऊन वाढवावीत, म्हणजे तारेपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. झाडाचा शेंडा सरसकट कापू नये. तसे केल्यास कापल्या जागेतून दहा कमकुवत फुटवे येतात व ते पहिल्यापेक्षा वेगाने वर जातात. तारेच्या दिशेने जाणारी फांदी तिच्या बेचक्यातून पूर्ण काढावी आणि दुसरीकडे जाणारी राखावी.

जड फांदी तीन कापांत काढावी. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालून, एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न सोलता पडते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढावा, पण फांदीच्या बुडाशी असलेली फुगीर कड राखावी, कारण जखम तिथूनच भरते. मोठ्या जखमेला बोर्डो मलम लावावे : 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना व 10 लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. आंब्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच करावी.

८. तार तुटली तर

पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असेच समजावे. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून जमिनीत थोडीच वीज जाते, म्हणून पुष्कळदा फ्यूज उडत नाही व तार तशीच जिवंत राहते. किमान 10 मीटर दूर राहावे, मुलांना व जनावरांना अडवावे, एक माणूस पहाऱ्यावर ठेवावा व 1912 ला कळवावे. आपण जवळच असू तर मोठी पावले टाकू नयेत. दोन्ही पाय जवळ ठेवून, जमिनीवरून घासत दूर जावे. ट्रॅक्टरवर तार पडली तर वरच बसून राहावे. आग लागली तरच दोन्ही पाय जुळवून उडी मारावी, आणि ट्रॅक्टर व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श करू नये.

कोणाला झटका बसला असेल तर आधी वीज बंद. घरातील किंवा मोटरीची वीज असेल तर मुख्य स्विच पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करावी. 11,000 व्होल्टजवळ मात्र लाकूडही चालत नाही. लाइन बंद झाल्याचे कंपनीकडून कळेपर्यंत जवळ जाऊ नये, मग तो आपला सख्खा भाऊ का असेना. एकाला वाचवायला गेलेला दुसराही मरतो, असे पुष्कळदा घडले आहे.

वीज तुटल्यावर माणूस हालचाल करत नसेल व नीट श्वास घेत नसेल, तर 108 किंवा 112 ला फोन करून लगेच छाती दाबण्यास आरंभ करावा. कठीण जमिनीवर उताणे निजवून, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावे. येत असेल त्याने 30 दाबांनंतर दोनदा तोंडाने श्वास द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. अंगावर माती टाकणे, जमिनीत पुरणे असले उपाय करण्यात मोलाची मिनिटे जातात. माणूस उठून बसला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. बाहेर छोटा डाग दिसतो, पण आतील स्नायू व हृदय यांना इजा झालेली असू शकते.

९. कुटुंबात व वाडीच्या सभेत चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या शेतातून कोणती लाइन जाते? तिच्याजवळ किती झाडे आहेत व त्यांतील कोणती लाइनपूर्वीची आहेत?

2. आंबे, जांभळे, शेवग्याच्या शेंगा आपण कशाने तोडतो? नळी लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची आहे काय?

3. आपल्या मीटरपासून विहिरीपर्यंतची वायर कशावर बांधलेली आहे?

4. मजुराला आपण असे कोणते काम सांगतो, जे आपल्या मुलाला सांगणार नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने देण्याची गरज नाही; ते प्रत्येकाने मनाशी द्यावे. ज्याच्या हाती जमीन आहे त्याच्या हाती ती देवाने राखणीसाठी दिलेली आहे. तिच्यावरील झाडे, तिच्याखालील पाणी आणि तिच्यावरून ये-जा करणारी माणसेही त्या राखणीत येतात. यंदा पावसापूर्वी प्रत्येक घराने एक फेरी मारावी व एक अर्ज द्यावा, एवढीच विनंती. प्रभू तुमच्या शेतांना वेळेवर पाऊस देवो, आणि त्या पावसात कोणाच्याही अंगणात रडण्याचा आवाज न उठो.

तुमचा धर्मगुरू